बर्फ, टाकी आणि चौदा मीटर

बर्फ हा शब्द पुण्यात आणि चंद्रपुरात एकच असला तरी त्याचा अर्थ एक नाही, असं माझं ठाम मत आहे. पुण्यात बर्फ म्हणजे पाहुणे आले की सरबतात टाकायची चीज. चंद्रपुरात एप्रिल अर्धा झाला की बर्फ हा किराण्याच्या यादीत येतो, मीठ-तेलाच्या रांगेत. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, दारात माठ, खिडकीत कूलर आणि फ्रिजात बर्फ, एवढं असलं की उन्हाळा निघतो. २०१९ च्या मे अखेरीस आमच्या गावचा पारा ४७ च्या वर गेला होता. जगातल्या सगळ्यात उष्ण गावांच्या यादीत चंद्रपूरचं नाव आलं की बाहेरच्यांना नवल वाटतं, आम्हाला नाही. आम्ही फक्त म्हणतो, "तपून राहिलं बाप्पा!" आणि पंखा पाचवर करतो.

तर आजचा विषय आहे फ्रिजमधला आइस मेकर. म्हणजे ट्रे नव्हे. तो आपोआप पाणी घेणारा, आपोआप बर्फ पाडणारा आणि दारातून खडखड करत ग्लासात टाकणारा प्रकार. आयटीतला माणूस विकांताला यावर का लिहितो, असं कुणी विचारेल. पण हे अख्खं प्रकरण डिबगिंगचंच आहे, आणि त्यावरून माझं एक मत झालंय ते मांडायचंय: आपल्याकडे "यंत्र बिघडलं" म्हणून ज्या तक्रारी होतात, त्यातल्या बऱ्याच वेळा यंत्र धड असतं. ज्या घरासाठी ते बनवलं ते घर आपलं नसतं, एवढंच. आणि ही गोष्ट विकताना कुणी सांगत नाही.

थोडी पार्श्वभूमी. बाबा खाणीतून रिटायर झाले तेव्हा आलेल्या पैशातून त्यांनी हौसेनं दोन उभ्या दारांचा मोठा फ्रिज घेतला. घराला तळमजला, वर गच्ची, गच्चीवर काळी प्लास्टिकची टाकी. दुकानदाराच्या माणसानं येऊन फ्रिजची पाण्याची नळी घरातल्या आरओ मशीनच्या साठ्याला जोडून दिली, आइस मेकर चालू करून दाखवला, चहा घेतला आणि गेला. हिवाळा बरा गेला. मार्चमध्ये बर्फ कमी झाला. एप्रिलमध्ये बंद.

कंपनीच्या सर्व्हिसवाल्याला बोलावलं. तो नागपूरहून येतो, त्यामुळे चार दिवस लागले. त्यानं फ्रीजरमध्ये टॉर्च मारली, "पाइपात बर्फ जमलाय, असेंब्ली बदलावी लागेल" असं म्हणाला आणि नऊ हजारांवर आकडा सांगितला. पाइपात बर्फ का जमला, हा प्रश्न त्याला पडला नाही. त्याचा दोष मी फारसा मानत नाही. दिवसाला आठ-दहा घरं करणाऱ्या माणसाला कारण शोधायला वेळ कोण देतो? त्याला मिळतो पार्ट बदलण्याचा वेळ. आमच्या धंद्यातही "सर्व्हर रिस्टार्ट करून बघा" म्हणणारे हेच लोक असतात. (मीही म्हणतो, पण दुसऱ्यांदा तोच सर्व्हर पडला की लॉग उघडतो.)

इथे आइस मेकर चालतो कसा ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. एक साचा असतो. फ्रिजच्या मागे विजेवर उघडणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो काही सेकंद उघडतो आणि नळीतून पाणी साच्यात येतं. मग साच्याला चिकटलेला तापमानाचा सेन्सर वाट बघतो. पाणी गोठून शून्याच्या बरंच खाली गेलं की मोटर फिरते, तुकडे खालच्या डब्यात पडतात. डबा भरला की नाही हे बघायला एक दांडी असते, ती वर अडली की काम बंद. पुन्हा पाणी, पुन्हा वाट. दीड-दोन तासांचं एक चक्र. बस्स. यात कुठेही अक्कलहुशारी नाही. व्हॉल्व्ह पाणी मोजत नाही, सेकंद मोजतो. अमुक सेकंदांत अमुक पाणी येणारच, असं त्यानं धरलेलं आहे. हे "धरलेलं आहे" लक्षात ठेवा.

मे महिन्यात मी घरी गेलो होतो. पहिलं काम केलं ते आईची साक्ष काढण्याचं. जगात आईइतका चांगला लॉग कुणी ठेवत नाही. आई म्हणाली, "आधी तुकडे पोकळ पडत होते, वरून पापडी अन् आत पाणी. मग अर्धेअर्धेच पडाले लागले. मग एक दिवस काहीच नाही." ही तीन वाक्यं सर्व्हिसवाल्यानं विचारलीच नव्हती. यंत्र एकदम मेलं तर मोटर, सेन्सर, वायर यांच्यावर संशय. पण हळूहळू, लहान होत होत बंद पडलं तर पाण्यावर संशय. साच्यात पाणी कमी येत होतं, हे आईच्या पहिल्याच वाक्यात होतं.

तरी शिस्त म्हणून फ्रीजर तपासला. थर्मामीटर मटाराच्या दोन पाकिटांच्या मध्ये ठेवला आणि रात्रभर राहू दिला. हवेतलं तापमान दार उघडलं की उड्या मारतं, त्यावर भरवसा नको. सकाळी उणे १७. म्हणजे थंडी ठीक. मोजमापाबद्दल एक अवांतर सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं चक्क ५६ अंश दाखवले आणि दिवसभर सगळ्यांच्या फोनवर तो आकडा फिरला. नंतर हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सरच बिघडला होता. सांगायचा मुद्दा, आकडा आला की आधी तो कुणी मोजला आणि कशानं, ते बघावं. मी थर्मामीटर आधी बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतो का ते बघितलं होतं. बाबांनी विचारलं, "एवढं कायले करतं?" म्हटलं, सवय.

आता आमच्या शेजारच्या काकांचा सिद्धान्त असा होता की टाकीतलं पाणी उन्हानं तापतं, म्हणून बर्फ होत नाही. मे महिन्यात दुपारी नळाचं पाणी हाताला चटका देतं हे खरं. पण हिशोब करून बघा. एक किलो पाणी २५ अंशांवरून उणे १० च्या बर्फापर्यंत न्यायला साधारण ४६० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. तेच पाणी ४५ अंशांचं असेल तर ५४०. फरक सतरा-अठरा टक्के. कारण मोठा घास पाणी थंड करण्यात जात नाही, ते शून्यावर असताना गोठवण्यात जातो, तिथे एकट्यानं ३३४ खर्च होतात. तेव्हा तापलेल्या पाण्यानं बर्फाला उशीर होईल, बर्फ बंद होणार नाही. शेजारकाकांना हे पटलं नाही. ते अजूनही त्यांच्या फ्रिजात माठातलं पाणी ओततात. असो.

खोलीच्या गरमीचा हिशोब मात्र जास्त गंभीर आहे, आणि तो आमच्याकडच्या प्रत्येक फ्रिजला लागू आहे, आइस मेकर असो नसो. फ्रिजच्या आत किंवा मागे एक स्टिकर असतो. त्यावर क्लायमेट क्लास लिहिलेला असतो. एन म्हणजे १६ ते ३२ अंशांच्या खोलीसाठी, एसटी म्हणजे ३८ पर्यंत, आणि टी म्हणजे ट्रॉपिकल, ४३ पर्यंत. त्याच्या वर अक्षरच नाही! म्हणजे सगळ्यात दणकट म्हणून जो फ्रिज मिळतो तोही ४३ पर्यंतच्या खोलीत नीट चालेल असं वचन देतो. आमच्या स्वयंपाकघरात दुपारी अडीच वाजता, कूलर बंद असताना, मी ४२ मोजले. वर गॅस पेटला की काय होत असेल ते सांगायला नको. वीज किती खातो याची आंतरराष्ट्रीय मानकातली चाचणी १६ आणि ३२ अंशांच्या खोलीत होते. ३२ ला आमच्याकडे जानेवारीतली दुपार म्हणतात. (अतिशयोक्ती आहे, पण फार नाही.)

३२ च्या खोलीत आणि उणे १८ च्या फ्रीजरमध्ये ५० अंशांचा फरक. ४२ च्या खोलीत ६०. म्हणजे भिंतीतून आत झिरपणारी उष्णता पाचव्या हिश्श्यानं वाढली. शिवाय ही उष्णता बाहेर फेकायची ती खोलीपेक्षा गरम असलेल्या जाळीतून. खोली दहा अंशांनी तापली की जाळीही तेवढीच तापते, आणि कॉम्प्रेसरला चढण लागते. कॉलेजात रट्टा मारलेलं कार्नोचं सूत्र लावलं तर त्याची कार्यक्षमता आठव्या हिश्श्यानं घटते. दोन्ही मिळून वीज एक-तृतीयांशाहून जास्त लागते, तेवढ्याच थंडीसाठी. हा फक्त आदर्श यंत्राचा हिशोब झाला, खऱ्यात जास्तच. आणि आपण काय करतो? हौसेनं सुताराकडून फ्रिजच्या मापाचं कपाट करून घेतो आणि दोन्ही बाजूंनी गच्च बसवतो. हल्ली जाळी मागे दिसत नाही, ती बाजूच्या पत्र्यांच्या आत असते. पत्र्याला हात लावा, चटका बसतो ना? तोच तुमच्या भाजीतून काढलेला उन्हाळा आहे. त्याला जायला वाट ठेवा. आमचा फ्रिज मी भिंतीपासून चार बोटं पुढे ओढला, बाजूचं फळीकाम काढायला लावलं. सुतारानं वाईट वाटून घेतलं.

पण एवढं करूनही बर्फ सुरू होणार नव्हता, कारण फ्रीजर तर उणे १७ वर होताच. खोलीची गरमी हा वेगळा बग. दोन बग एकत्र आले की माणूस सोपा असतो तो सोडवतो आणि खुश होतो.

मग नळी. फ्रीजरमध्ये मागच्या भिंतीतून एक छोटी नळी साच्याच्या वर येते. तिच्यात खरंच बर्फाचं बूच बसलं होतं. फ्रिजचा प्लग काढला, बिनसुईच्या सिरिंजनं कोमट पाणी थोडंथोडं सोडत बूच वितळवलं, पुसून घेतलं, पुन्हा चालू केला. रात्री बर्फ पडला! आईनं लगेच पन्हं केलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा बूच.

हीच ती जागा, जिथे असेंब्ली विकली जाते. आणि हीच ती जागा, जिथे थांबून विचार करायला हवा. पाणी नळीत गोठायला नळीत थांबलेलं पाणी हवं. चार-पाच सेकंद जोरात आलेलं पाणी साच्यात पडून जातं, गोठायला मागे राहत नाही. गोठतं ते थेंबथेंब येणारं. म्हणजे व्हॉल्व्ह बंद झाल्यावरही ठिबकत होता. पाणी कमी येतंय आणि व्हॉल्व्ह ठिबकतोय, ही दोन उलटी लक्षणं एकाच वेळी कशी?

याचं उत्तर व्हॉल्व्हच्या पोटात आहे आणि मला ते फार आवडलं. या व्हॉल्व्हमध्ये रबराचा पडदा असतो. वीज त्याला उघडायला मदत करते, पण घट्ट मिटवून ठेवतो तो मागून येणाऱ्या पाण्याचा दाब. दाब भरपूर असला की पडदा चपखल बसतो. दाब नसला की तो बसल्यासारखा करतो आणि कडेनं थेंब गळत राहतो. म्हणजे कमी दाबामुळेच पाणी कमी येतं, आणि कमी दाबामुळेच ते बंदही होत नाही. एकच कारण, दोन लक्षणं. असला बग सापडला की आमच्या ऑफिसात लोक खुर्चीतून उठतात.

आता दाब किती लागतो? फ्रिजसोबत आलेलं, कुणीही न वाचलेलं मॅन्युअल काढलं. किमान २० पीएसआय. या प्रकारच्या बऱ्याच आइस मेकरांना एवढाच लागतो. आकडा लहान दिसतो. पण पाण्याच्या भाषेत २० पीएसआय म्हणजे १४ मीटर उंचीचा स्तंभ. म्हणजे टाकी चौथ्या-पाचव्या मजल्याच्या गच्चीवर आणि तुमचं स्वयंपाकघर तळमजल्यावर हवं. आमची टाकी नळीच्या तोंडापासून जेमतेम चार मीटरवर. साडेपाच-पावणेसहा पीएसआय. आणि तेही टाकीतून थेट घेतलं तर! इथे नळी जोडलेली होती आरओच्या साठ्याला, जो फ्रिजच्या तोंडापासून हातभर उंच. घरगुती आरओचा साठा म्हणजे साधा प्लास्टिकचा डबा, त्यात दाब नसतोच, पाणी स्वतःच्या वजनानं खाली येतं. दाब एक पीएसआयसुद्धा नाही. हिवाळ्यात तरी चाललं कसं, हेच नवल. त्याचा मी लावलेला अर्थ असा की नवीन रबर मऊ होतं आणि जाळी साफ होती. नंतर आमच्या बोअरच्या जड पाण्याचं पांढरं कीट आरओतूनही थोडं आलंच, ते व्हॉल्व्हच्या तोंडच्या बारीक जाळीत मला मिळालं.

ज्या देशांत हा आइस मेकर जन्मला तिथे नळाला चोवीस तास पाणी असतं आणि दाबानं असतं, चाळीस-पन्नास पीएसआय ही तिथली रोजची गोष्ट. आपल्याकडे नळ येतो आणि जातो. म्हणून आपण टाक्या बांधतो. भारतीय घराचं पाणी गुरुत्वाकर्षणावर चालतं, हे विदर्भातल्या कुठल्याही प्लंबरला झोपेत माहीत असतं. फ्रिज विकणाऱ्याला ते माहीत नसावं? "टाकी किती उंच आहे?" एवढा एक प्रश्न दुकानात विचारायला काय हरकत आहे? फ्रिज दारातून आत मावेल का हे ते मोजून जातात. पुण्यातल्या टोलेजंग इमारतीतही वरच्या दोन-तीन मजल्यांवर हीच कथा असणार, कारण टाकी त्यांच्या अगदी डोक्यावर असते. गंमत म्हणजे चौथ्या मजल्यावरच्यापेक्षा तळमजल्यावरच्याला बर्फ चांगला मिळेल!

यावर बाबांचं मत अगदी सरळ होतं. "ट्रे काय वाईट होता?" खरं सांगायचं तर काही वाईट नव्हता. गोदरेजनं १९५८ साली भारतात फ्रिज बनवायला सुरुवात केली तेव्हापासून ट्रेनंच देशाला बर्फ दिलाय. माझ्या लहानपणी, महाराष्ट्रात भारनियमनाचा कहर होता त्या वर्षांत, वीज आली की आई आधी ट्रे भरायची. गावाच्या कडेला अख्ख्या महाराष्ट्राला वीज देणारं महाऔष्णिक केंद्र, त्याच्या धुराड्यांखाली आम्ही मेणबत्तीत अभ्यास करायचो, हा विनोद तेव्हाही जुना होता. ट्रेला दाब लागत नाही, सेन्सर लागत नाही. मी स्वतः दुकानात असतो तर दारातून बर्फ देणारा फ्रिज घेऊ दिला नसता.

पण फ्रिज घेण्यामागे एक कारण होतं, ते नुसती हौस नव्हती. माझे काका आलापल्लीला असतात. चंद्रपूरहून गोंडपिपरी, आष्टी करत जंगलातून अडीच-तीन तासांचा रस्ता. काकांना वीस वर्षांची शुगर, दिवसातून दोनदा इन्सुलिन. त्यांच्या ब्रँडच्या कुप्या तिकडे कधी मिळतात, कधी नाही, म्हणून बाबा दर महिन्याला इकडून पाठवतात, एसटीनं किंवा कुणी जाणारं असेल त्याच्या हाती. मे महिन्यात एसटीच्या खिडकीजवळ डबा ठेवला तर आत काय होईल याचा विचार करा. इन्सुलिनला गरमी चालत नाही. बर्फ हवाच, आणि ट्रेचे वीस तुकडे आष्टीपर्यंतही टिकत नाहीत. म्हणून भरपूर बर्फ, सतत बर्फ.

या बाबतीत मला ज्ञान दिलं ते माझ्या आतेबहिणीनं. ती भामरागडकडे सरकारी आरोग्य केंद्रात नर्स आहे. मी तिला फोनवर मोठ्या रुबाबात दाब, व्हॉल्व्ह वगैरे सांगून राहिलो होतो. ती म्हणाली, "ते जाऊ दे दादा, तू काकांच्या कुपीला बर्फ चिकटवून पाठवतं का?" मग तिनं माझी शिकवणी घेतली. इन्सुलिनला जेवढी गरमी वाईट तेवढंच गोठणंही वाईट. एकदा गोठलेली कुपी नंतर वितळली तरी फेकायचीच. डीप फ्रीजरमधून काढलेली बर्फाची पिशवी सुरुवातीला उणे पंधरा-वीस असते, तिला टेकलेली कुपी गोठू शकते. म्हणून लसी नेताना त्या लोकांचा नियम असतो: आइस पॅक बाहेर काढून ठेवायचे, त्यांना घाम फुटेपर्यंत थांबायचं, हलवून आत पाण्याचा आवाज येतो का ऐकायचं, मगच डब्यात लावायचे. पाण्यात तरंगणारा बर्फ शून्याच्या खाली जाऊच शकत नाही. भौतिकशास्त्राचं अख्खं प्रकरण त्या खुळखुळ आवाजात आहे, आणि भामरागडची नर्स ते कान लावून वापरते.

तिच्या केंद्रातला फ्रिज हा या लेखाचा खरा हिरो म्हणावा असा आहे. त्याला आयएलआर म्हणतात. दार समोर नाही, वर झाकण आहे पेटीसारखं. थंड हवा जड असते, समोरचं दार उघडलं की ती पायांवर सांडते, वरचं झाकण उघडलं तर आतच राहते. आतल्या भिंतींना बर्फाचं अस्तर असतं. चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी तो २ ते ८ अंशांत राहतो, कारण वीज असताना तो बर्फ साठवतो आणि नसताना तो बर्फ खर्च करतो. लसींच्या अशा फ्रिजांची जागतिक आरोग्य संघटनेची उष्ण प्रदेशासाठीची चाचणी ४३ अंशांवर होते. आमच्या टी क्लासइतकीच, पण इथे वीज जाणार हे धरूनच चाचणी करतात. पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचा रस्ता तुटतो, वीजही जाते, हे तिथे दरवर्षीचं आहे. सौरऊर्जेवरच्या नव्या फ्रिजांत तर काही बॅटरीसुद्धा ठेवत नाहीत. ऊन असताना बर्फ करायचा, रात्री तोच पुरवायचा. बॅटरी दोन-चार वर्षांत मरते, बर्फ मरत नाही.

म्हणजे बघा, वीज नाही, रस्ता नाही, तंत्रज्ञ नाही हे आधी मान्य करून कुणीतरी यंत्र बनवू शकतं. ते रोज चालतं, दिवसातून दोनदा वहीत तापमान लिहिलं जातं. आणि त्याच प्रदेशात, दीड लाखाच्या घरात जाणारा शहरी फ्रिज टाकीच्या उंचीवर अडतो. तंत्र दोन्हीकडे तेच आहे, कॉम्प्रेसर, जाळी, गॅस. वापरणाऱ्याच्या घरी कोण जाऊन आलं होतं, तेवढाच फरक. मला माझ्या कंपनीतल्या कितीतरी मीटिंगा आठवल्या, ज्यात "युजरकडे चांगलं नेट असेलच" असं एका ओळीत धरून पुढे गेलेलो असतो आम्ही सगळे. त्या युजरमध्ये एटापल्लीचा कुणी नसतो.

सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी मॅन्युअल, सुट्या भागांची माहिती, दुरुस्तीच्या जागा तिथे द्याव्यात अशी कल्पना. चांगलंच आहे. पण माझी मागणी त्याहून छोटी आहे. फ्रिजवर स्टार लावता तसा मराठीत एक चौकोन लावा: खोली जास्तीत जास्त किती गरम चालेल, पाण्याचा दाब किमान किती हवा, म्हणजे टाकी किती मीटर उंच हवी, व्होल्टेज कुठपर्यंत पडलेलं चालेल. तीन आकडे. गिऱ्हाईक मोजून घेईल. आमच्याकडचा म्हातारा शेतकरी विहिरीवर मोटर बसवताना "हेड किती?" विचारतो. त्याला फ्रिजचं हेड कळणार नाही असं कुणाला का वाटावं?

आता आमच्या फ्रिजचं काय झालं ते. असेंब्ली बदलली नाही. आरओ मशीनमध्येच एक छोटा २४ व्होल्टचा डायफ्राम पंप असतो, पाणी पडद्यातून ढकलायला. तसलाच एक सुटा पंप, त्याचा ॲडॉप्टर आणि एक प्रेशर स्विच जटपुरा गेटजवळच्या एका दुकानात मिळाला, सगळं मिळून दोन हजारांच्या आत. दुकानदारानं विचारलं, "कोणत्या मॉडेलचं आरओ?" म्हटलं, फ्रिजला लावायचाय. तो दोन मिनिटं बघतच राहिला, मग त्यानंच सुचवलं की साठ्याच्या तळाशी फ्लोट लावा, नाहीतर डबा रिकामा झाला की पंप कोरडा फिरून जळेल. याला म्हणतात सर्व्हिस इंजिनीअर. पंप साठा आणि फ्रिज यांच्या मध्ये बसवला. फ्रिजचा व्हॉल्व्ह उघडला की नळीतला दाब पडतो, स्विच पंप सुरू करतो. व्हॉल्व्ह मिटला की दाब चाळीसच्या आसपास चढतो आणि पंप बंद. आता पडद्यामागे कायम दाब असतो, त्यामुळे तो नीट मिटतो. जाळी लिंबाच्या पाण्यात बुडवून साफ केली. नळीतलं बूच शेवटचं एकदा वितळवलं. त्यानंतर पूर्ण पावसाळा गेला, पुन्हा जमलेलं नाही. एक सावधगिरी: दाब आला की जुने सांधे गळतात, म्हणून पहिले दोन दिवस फ्रिजच्या मागे वर्तमानपत्र अंथरून ठेवा आणि ओलं होतं का बघा. आमचा एक सांधा गळला, तो बदलला.

काकांचा डबा आता दर महिन्याला जातो. आई आइस पॅक काढून ओट्यावर ठेवते आणि दहा-पंधरा मिनिटांनी एकेक उचलून कानाशी हलवते. बाबा त्याला "आईचा स्टेथोस्कोप" म्हणतात. तक्रार एकच उरलीय. दर दीड-दोन तासांनी तो पंप घुर्रर्र करतो, रात्री तीनलाही करतो, आणि बाबांची झोप आधीच कमी. त्याच्याखाली रबराचा तुकडा घालायचा राहिलाय. दिवाळीला गेलो की करतो.